पहिला ड्रम देवाचा

दारात तांदळाची पिशवी आली की मला कळतं, वर डोंगरात कापणी आटोपली. महाडात राहणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला ऋतू असाच कुणाच्या तरी हातून कळतो. सकाळी सावित्री नदीवर धुकं असतं, अकराला ऊन चटके देऊ लागतं, आणि संध्याकाळी कुठूनशा वाऱ्यावरून कापलेल्या भाताच्या बुंध्यांचा ओलसर, गोडसर वास येतो. हा वास सगळ्यांना आवडतो. मला गेली नऊ वर्षं तो आला की उठून खिडकी लावून घ्यावीशी वाटते.

पिशवी गोणपाटाची असते, हाताने शिवलेली, तोंडाशी सुंभ बांधलेला. पाठवणारी सुभद्रावहिनी, गंगारामची बायको. पोलादपूरच्या वर, कुडपणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला एक वाडी आहे, तिथे त्यांचं घर. नवं भात निघालं की पहिली ओंजळ ग्रामदेवीला आणि पहिली पिशवी गुरुजींना, ही गंगारामची रीत. तो गेला तरी वहिनीने ती मोडली नाही. मी मात्र त्यातला एक दाणाही कधी शिजवला नाही. घरकामाला येणाऱ्या बाईला पिशवी देऊन टाकतो. ती म्हणते, “गुरुजी, एवढा वासाचा तांदूळ, नि तुम्ही नाय खात?” मी सांगतो, मला साखर आहे. मला साखर नाही. नऊ वर्षांत जे खोटं बोललो, त्यातलं हे सगळ्यात लहान.

मोठं जे आहे ते निस्तरायला हे लिहायला बसलो आहे. गंगारामने बिडी पेटवली नव्हती. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. वय एकोणऐंशी आहे. मध्येच हात थांबला तर निदान एवढं कागदावर राहावं.

*

तेहतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, त्यातली अकरा त्या डोंगरातल्या शाळेत. हायड्रोजनचा धडा यायचा तेव्हा वर्गात एरवी झोपणारी मुलंसुद्धा पुढे सरकून बसत. परीक्षानळी उलटी धरायची, तोंडाशी काडी न्यायची आणि ‘फट्’. एवढंच. पण त्या एवढ्याशा आवाजाने वर्ग असा खदखदून हसायचा की शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावत. मी गंभीर चेहऱ्याने फळ्याकडे वळायचो. आतून मलाही हसू फुटत असे. सगळ्यात हलका वायू, रंग नाही, वास नाही, आणि जळला की मागे फक्त पाणी. किती सोज्वळ वाटायचा तो.

निवृत्त झाल्यावर माणसाचा आवाज घरात कुणाला ऐकू येईनासा होतो. बायको आधीच गेलेली. मुलगा पुण्याला. त्याने एक चांगला फोन घेऊन दिला. त्या फोनवर एक दिवस कुणीतरी पाठवलेली चित्रफीत आली. एक माणूस बादलीभर पाण्यातून गॅस काढतो आणि त्यावर चहा उकळतो. खाली लिहिलेलं होतं, सिलिंडरची कटकट संपली. मी ती पाहिली, मनाशी हसलो आणि पुन्हा पाहिली. ही फसवणूक आहे हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पाण्यातून फुकट काही निघत नाही. एका बाजूने जेवढं घालाल त्याहून कमीच दुसऱ्या बाजूने मिळतं, हे मी तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

आणि तरी मी ती चित्रफीत घेऊन एसटीने पोलादपूरला गेलो, तिथून जीपने वर, गंगारामच्या अंगणात. का गेलो? मला तेव्हा कुणीतरी तोंडाकडे बघत ऐकणारं हवं होतं. दुसरं खरं कारण आता शोधूनही सापडत नाही.

गंगाराम महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. पाइप जोडणं, गळती थांबवणं यात त्याचा हात बसलेला. नोकरी संपवून गावी आला होता आणि भातशेती बघत होता. त्याची मुलगी मंगल माझी विद्यार्थिनी. माझ्यापेक्षा तो दहा वर्षांनी लहान, आणि मी सांगितलेली कुठलीही गोष्ट तो लोखंडाच्या पत्र्यावर कोरल्यासारखी धरून ठेवायचा.

त्याने ती चित्रफीत एकदाच पाहिली. घरात चुलीपुढे वहिनी खोकत होती. त्या घराला तेव्हा धुराचं वावडं नव्हतं आणि वहिनीच्या छातीला होतं. सिलिंडर होता, पण रिकामा झाला की तो डोक्यावर घेऊन जीपच्या थांब्यापर्यंत उतरायचं आणि भरलेला घेऊन चढायचं, त्यामुळे तो कोपऱ्यात जपून ठेवलेला, पाहुण्यांच्या चहापुरता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “धूर नाय व्हनार ना ह्याचा?”

“नाही. जळला की पाणीच होतं.”

“मग करू या.”

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं की गंगाराम, ही शेगडी फार दिवस चालणार नाही. सांगितलं नाही.

*

काय काय वापरलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला माझ्या हातून कळू नये. एवढंच सांगतो की पाण्यात वीज सोडून बघायचा नाद आम्ही आठ दिवसांत सोडला. त्याच्या भंगारातल्या कातरणाचे तुकडे एका बंद डब्यात घालून त्यावर एक तीक्ष्ण पाणी सोडलं की गॅस येई. तो साठवायला गंगारामने गोबर गॅसच्या टाकीसारखी रचना केली. पाण्याची टाकी, त्यात उलटा घातलेला पत्र्याचा ड्रम. गॅस भरू लागला की ड्रम हळूहळू वर उठायचा, झोपलेल्या म्हशीचं पोट फुगावं तसा. आम्ही दोघं खळ्याच्या कडेला बसून तो उठताना बघायचो. शेतात भात पिवळं पडत होतं. ऊन अंगावर काट्यासारखं टोचायचं. मध्येच एखादा बगळा टाकीच्या काठावर येऊन बसायचा आणि ड्रम हलला की घाबरून उडायचा. गंगाराम लहान मुलासारखा हसायचा.

टाकी उथळ होती. ड्रम पूर्ण बुडत नसे, त्यामुळे त्याच्या माथ्याशी नेहमी थोडी हवा अडकून राहायची. पहिला भरलेला गॅस त्या हवेत मिसळायचा, आणि हवेत मिसळलेला हायड्रोजन म्हणजे काय ते मला माहीत होतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी नियम घातला. पहिला ड्रम कधीही पेटवायचा नाही. भरायचा, तोटी उघडून मोकळा सोडायचा, आणि मग दुसरा भरायचा.

गंगारामने विचारलं, “वाया घालवायचा?”

“वाया नाही. पहिला शुद्ध नसतो.”

त्याने ड्रमच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे पयला देवाचा.”

त्या गावात पहिलं काहीच माणसाचं नसतं. पहिल्या लोंब्या देवीच्या देवळात, व्यालेल्या गाईचा पहिला खरवस देवीला, नव्या विहिरीचं पहिलं पाणीसुद्धा आधी देवीवर. माझा रसायनशास्त्राचा नियम त्याने उचलला आणि त्या रांगेत बसवला. त्यानंतर तो त्याच्या हातून कधी चुकणं शक्यच नव्हतं. तोटी उघडायचा, देवळाच्या दिशेने हात जोडायचा, आणि खाली बसून चंची सोडायचा. पान लावायचं, सावकाश चघळायचं, पान संपलं की पहिला ड्रम संपला. घड्याळाची त्याला गरज नव्हती. मी गमतीने म्हणायचो, “तुझा देव फार हळू जेवतो रे.” तो म्हणायचा, “दात नसतील त्येला, गुरुजी.”

पानाची सवय त्याला बिडी सोडल्यापासूनची. त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मंगलच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, सगळ्या बायका रडत असताना ती पोर अडून उभी राहिली. “बाबा, बिडी सोडा. नायतर मी गाडीत बसत नाय.” वऱ्हाडी हसले. गंगारामने खिशातलं बिडीचं बंडल काढलं, आचाऱ्याच्या चुलाणात टाकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “तुझ्या डोक्याची आन. पुन्यांदा वढली तर तुझं बरं व्हनार नाय.” मंगल म्हणाली, “असं कशाला बोलताव?” तो म्हणाला, “असं बोललं तरच जमंल मला, गो.” मी तिथे चार पावलांवर उभा होतो. आहेराचं पाकीट माझ्या हातात होतं. मी हे ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

*

गावाला आमची करमणूक होती. खळ्यावर भात झोडायला आलेल्या बायका भारे टाकता टाकता टोमणे मारत. “गुरुजी, इहिरीला काडी लावू नका हां, आमी पानी भरतोय.” कुणी विचारी, “गंगारामभाऊ, समुद्र पेटवलात तर मासं भाजलेलंच मिळतील का?” वहिनी पदराने तोंड झाकून हसायची आणि हसता हसता खोकायची. पण ज्या दिवशी शेगडीवर पहिल्यांदा ज्योत आली, दिसेल न दिसेल अशी, आणि तिच्यावर कपभर चहा उकळला, त्या दिवशी टोमणे थांबले. वहिनीने ज्योतीवर हात धरून पाहिला. मग ओढून घेतला आणि म्हणाली, “दिसत नाय पन भाजतंय.” चहा सगळ्यांना घोट घोट मिळाला. मला पहिला.

त्या एका घोटाने मी फसलो. लोक मला पुन्हा ‘गुरुजी’ म्हणताना तोंडाकडे बघू लागले होते. भंगार संपलं की शेगडी विझणार हे मी कुणाला सांगितलं नाही. उलट, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष दिवाळीला आले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, एकदा येऊन बघा. प्रत्येक घराला अशी शेगडी करता येईल, असंही म्हटलं. माझ्याच तोंडचं वाक्य आहे ते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. सकाळची वेळ, खळं सारवलेलं, मधोमध भाताची रास, तिच्यावर सूप उपडं घातलेलं. लोक पलीकडच्या दगडी गडग्यावर बसले होते. वारा होता म्हणून शेगडीला पेंढ्याच्या भाऱ्यांचा आडोसा केला होता, आणि त्याच्या आत मी बसलो होतो. ड्रम दहाबारा पावलांवर, शेगडीला लांब नळीने जोडलेला, आणि गंगाराम त्याच्यापाशी. आदल्या दिवशी हौसेने दोनदा चहा करून आम्ही तुकडे संपवत आणले होते. जे उरले होते त्यात एकच ड्रम भरणार होता.

ड्रम भरला. अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, “गुरुजी, जरा लवकर, खाली गाडी थांबलीय. आज मुंबई गाठायचीय.”

गंगारामने तोटीला हात घातला, नेहमीसारखी मोकळी सोडायला. मी आडोशातून मान बाहेर काढली आणि हळूच म्हणालो, “गंगाराम, आज देवाचं राहू दे.”

तो थांबला. “गुरुजी, पयला हाय.”

“दुसरा भरणार नाही. देव समजून घेईल. सोड इकडे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात शंका नव्हती. शंका असती तर मी वाचलो असतो, तोही वाचला असता. त्याला नियम ठाऊक होता, पण त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं. कारण मला ठाऊक होतं. त्याच्या लेखी तो देवाचा वाटा होता, आणि देवाच्या वाट्यात सूट द्यायला गुरुजींसारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याने नळीतून गॅस माझ्याकडे सोडला. देवळाकडे हात जोडले, बहुतेक क्षमा मागितली असेल. मग सवयीने ड्रमशेजारी उकिडवा बसला आणि चंची सोडून पान लावू लागला.

काडी मी ओढली.

ज्योत नळीतून मागे ड्रमात शिरली असणार. आवाज मला आठवत नाही. लोक सांगतात की तो आवाज खालच्या दोन वाड्यांत ऐकू गेला. मला आठवतो तो त्यानंतरचा आवाज. भाताची रास उधळली होती, आणि दाणे वरून खाली येत होते, पळसाच्या पानांवर, पत्र्यावर, पेंढ्यावर, टप टप, कितीतरी वेळ. टाकीचं पाणी सारवलेल्या खळ्यावरून माझ्या पायापर्यंत आलं. भारे माझ्या अंगावर पडले होते, त्यांनीच मला वाचवलं. फक्त भुवया जळल्या. त्या महिन्याभरात पुन्हा उगवल्या.

ड्रम गंगारामच्या छातीवर बसला होता. घोंगडीची डोली करून चौघांनी त्याला जीपपर्यंत उतरवलं. मी डोलीबरोबर धावत होतो. त्याने डोळे उघडले आणि डोली धरणाऱ्याला विचारलं, “गुरुजींना लागलं नाय ना?” महाड यायच्या आधी तो गेला.

*

चौकशीला हवालदार आले. गावात जो तो वेगळं सांगत होता. गडग्यावरच्या एकाने सांगितलं, गंगारामने तोंडाकडे हात नेलेला मी पाहिला, हातात काहीतरी होतं. हवालदारांनी मला विचारलं, “काय होतं, गुरुजी? बिडी?”

त्यांनी प्रश्नातच उत्तर दिलं होतं. मी ते नुसतं उचललं. माझ्या डोळ्यांपुढे पेन्शन आली, मुलगा आला, वर्तमानपत्रातलं माझं नाव आलं, आणि गंगाराम तर आता कुठेच नव्हता. मी म्हणालो, हो, बिडी पेटवली असावी. मी शेगडी अजून पेटवली नव्हती.

हवालदार म्हणाले, “तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहून द्या.” मी लिहून दिलं. तेच वळणदार अक्षर, ज्यात मी फळ्यावर सुविचार लिहायचो. एकही खाडाखोड नव्हती.

माणूस चुकतो, हे म्हणून मला सुटता येत नाही. चूक ती काडी होती. तो कागद चूक नव्हता. तो मी बसून, टेबलावर, पंख्याखाली लिहिला.

प्रयोगांची एक वही होती माझी, रोजच्या नोंदींची. तिच्यात पहिल्या पानावर नियम लिहिला होता, पहिला ड्रम पेटवू नये, आणि त्याच्याखाली गंगारामने हौसेने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘देवाचा’. ती वही मी जाळली नाही, फाडली नाही. नुसती खालच्या फडताळात ठेवली. पुढे महाडात तो मोठा पूर आला, घरात छातीभर पाणी, आणि चार दिवसांनी चिखलातून जे निघालं त्यात वही म्हणजे एक राखाडी लगदा होता. तो फावड्याने बाहेर टाकताना मला हलकं वाटलं. खरं सांगतो, हलकं वाटलं. सगळी गल्ली रडत होती आणि मला वाटत होतं की मी सुटलो.

त्या वर्षीसुद्धा कापणीनंतर पिशवी आलीच. बरोबर निरोप, “गुरुजींचं घर बुडालं, म्हनून जरा जास्त घातलेत.”

*

यंदा पिशवी घेऊन मंगल स्वतः आली. चाळिशी उलटलेली बाई, केस कानाशी पिकलेले. वाकून पाया पडली. मी चहा ठेवला. गॅसची ज्योत निळी झाली की मी अजूनही मान वळवतो, तशी वळवली.

ती बोलत होती, पावसाबद्दल, आईच्या खोकल्याबद्दल. मग एकदम म्हणाली, “गुरुजी, तुम्हाला एक विचारू? तुम्ही जवळ होता. बाबा आधीपासून चोरून ओढायचे की त्या दिवशीच ओढली?”

मी म्हणालो, “का गं विचारतेस?”

“आईनं त्यांचा फोटो देवांजवळ लावला नाय अजून. पेटीत घालून ठेवलाय. मला पाचवा महिना होता तेव्हा. बाबा गेले आणि पौषात पोर गेलं. मग पुन्हा राहिलं नाय. सासरी म्हणाले, बापानं डोक्यावरची आन मोडली, ती पोराला लागली. गावातपण म्हणतात. मी शिकलेली हाय गुरुजी, तुमच्याच हाताखाली. मला कळतं असं काही नसतं. पन कळून काय होतंय?” तिने पदराने कप पुसला, जो बाहेरून आधीच कोरडा होता. “त्यांनी एकदाच ओढली असली तरी चालेल मला. चोरून रोज ओढत असले, आणि तरी माझ्या डोक्यावर हात ठेवला असला, तर ते सहन नाय होत.”

नऊ वर्षं मी समजत होतो की मी एका मेलेल्या माणसावर दोष ढकलला. मेलेल्याचं काय बिघडतं, असं स्वतःला सांगत होतो. तो दोष खरा कुणाच्या डोक्यावर जाऊन बसला होता, ते माझ्यासमोर स्टीलच्या कपातून चहा पीत होतं.

मी तेव्हाही खरं बोललो नाही. “मला नीट दिसलं नाही गं,” एवढंच म्हणालो. ती मान हलवून उठली. गल्लीतून जाताना तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत मी दाराशी उभा होतो, आणि तरी हाक मारली नाही.

चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी बाईला म्हटलं, पिशवी राहू दे. ती तशीच उचलली आणि पोलादपूरची एसटी धरली. खिडकीतून शेतं दिसत होती, कापलेली, उघडी पडलेली, मधे मधे पेंढ्याच्या उडव्या. आता वाडीपर्यंत रस्ता झाला आहे. डोलीची वाट मात्र तशीच आहे, रस्त्याला आडवी छेदून जाणारी. रिक्षावाल्याने विचारलं, “बाबा, माहेरी निघालाव का तांदूळ घेऊन?” मी हसू शकलो नाही.

वहिनी ओटीवर भात पाखडत होती. मंगल आतून आली. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर पाणी विचारलं असतं, आणि ते पिऊन मी बोलू शकलो नसतो. पहिला ड्रम, अध्यक्षांची घाई, माझं वाक्य, काडी, कागद.

वहिनीचं सूप थांबलं. तिने ते खाली ठेवलं.

“मग हातात काय व्हतं त्येंच्या?”

“पान होतं, वहिनी. पान लावत होता.”

ती उठून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चंची होती, एका बाजूने जळून काळी पडलेली. “ही उघडी सापडली व्हती. मी किती येळा उसवून बघितली. म्हटलं हिच्यातच बिड्या लपवीत असनार. शिव्या घातल्या हो मी हिला. नऊ वरसं.” मग माझ्याकडे पाहिलं, प्रथमच. “तुमाला तांदूळ धाडले मी.”

मी म्हणालो, “वहिनी, मी एक दाणा खाल्ला नाही.”

“मग काय उपकार केलेत?”

मी पाया पडायला वाकलो तर ती मागे सरकली. क्षमा मागायला शब्द काढला तर हाताने थांबवला. “माझ्याजवळ नका बोलू. माझं ऐकून गाव गप व्हनार नाय. तुमी लिवून दिलं व्हतंत ना? आता ह्ये बी लिवा. आनि खळ्यावर येऊन वाचा. सगळ्यांसमोर. मग जिथं तो कागद दिलात तिथं ह्यो पन द्या.”

*

म्हणून इथपर्यंतचं लिहिलं. काल ते त्याच खळ्यावर वाचलं. भात झोडायचं थांबवून लोक त्याच गडग्यावर बसले. नऊ वर्षांत काही कमी झालेत, काही माझ्यासारखे वाकलेत. वारा होता. आडोसा नव्हता. ‘काडी मी ओढली’ या वाक्याशी आल्यावर कागद इतका हलू लागला की ओळ दिसेना. मी थांबलो. गडग्यावरून ज्याने तेव्हा हातात काहीतरी पाहिलं होतं तो म्हातारा म्हणाला, “पुन्हा वाचा, गुरुजी. नीट ऐकू नाय आलं.”

मी पुन्हा वाचलं. मग वहिनी म्हणाली, “अजून एकदा.” तेही वाचलं.

कुणी मला बसायला सांगितलं नाही, आणि जा म्हणूनही सांगितलं नाही. उद्या हाच कागद पोलीस ठाण्यात देणार आहे. पुढे काय होईल ते होवो, त्याची भीती आता उरलेली नाही. मला झोप येत नाही ती त्या भीतीने नव्हे. झोप येत नाही ती मंगलच्या त्या गेलेल्या पोरामुळे, जे आता आठ वर्षांचं असतं, ज्याच्या जाण्याशी काडीचा काही संबंध नाही असं विज्ञान सांगतं, आणि ज्याच्या आईला मी नऊ वर्षं ते सांगू शकलो असतो.

वाचून झाल्यावर तेवढी एकच गोष्ट पाहिली. मंगल गडग्याच्या टोकाला बसली होती, मांडीवर बापाचा फोटो घेऊन. तिने पदर मागे सारला, स्वतःचा हात उचलला आणि डोक्यावर ठेवला, जिथे पाठवणीच्या दिवशी त्याने ठेवला होता, तिथेच. लोक उठून झोडणीला लागले, भारे आपटायला लागले, दाणे उडायला लागले. तिने तो हात खाली घेतला नाही.